हात लावता येत नाही तेव्हा

चंदीगडहून काल्क्याच्या रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर पिंजौर येतं. गाव हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातलं. औरंगजेबाचा दूधभाऊ नवाब फिदाई खान याने सतराव्या शतकात इथे बाग उभारली, पुढे ती पतियाळा संस्थानाकडे गेली आणि आज ‘यादविंद्र गार्डन’ या नावाने हरियाणा सरकारच्या ताब्यात आहे. डोंगरउतारावरच्या मुघल बागा सहसा दारापासून वर चढत जातात. ही मात्र सात टप्प्यांनी खाली उतरते. या बागेत दर वर्षी जुलैत आंबा मेळा भरतो. टेबलांवर ताटल्या मांडलेल्या, प्रत्येक ताटलीत एका जातीची फळं, समोर नावाची चिठ्ठी. दशहरी, लंगडा, चौसा, आम्रपाली, मल्लिका, लोणच्याचा रामकेला. शेजारच्या स्टॉलवर मुरंबे, लोणची, सरबतं.

आंबा घेणारा माणूस काय करतो, हे आठवून पाहा. फळ उचलतो. तळहातावर वजन अजमावतो. देठाशी नाक नेतो. अंगठ्याने हलकेच दाबतो आणि विकणाऱ्याने डोळे वटारले की थांबतो. मग फळ फिरवून मागची बाजू पाहतो, कारण चांगली बाजू वर ठेवायची असते हे त्यालाही ठाऊक असतं. लोणच्याची बरणी असेल तर ती तिरकी करून तेल किती आणि फोडी किती हे बघतो. एवढं सगळं झाल्यावर भाव विचारतो.

हाच माल वेबसाइटवर गेला की हात, नाक, अंगठा सगळं बाद होतं आणि उरतो तो फोटो. छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटवरचा फोटो चांगला की वाईट हे ठरवायचं माप मला यातच दिसतं. स्टॉलवर उभ्या गिऱ्हाइकाने हाताने जे प्रश्न विचारले असते, त्यांतल्या किती प्रश्नांना तो उत्तर देतो? सुंदर दिसणं ही वरकड कमाई. फोटो देखणा पण प्रश्न तसेच राहिले, तर पाहणारा कौतुक करून पुढे जातो. आणि चुकीचं उत्तर मिळालं तर माल परत येतो, त्याचं जाण्यायेण्याचं भाडं विकणाऱ्याच्या डोक्यावर बसतं.

पिंजौरची दुसरी ओळख बागेहून अगदी वेगळी. हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटीचा कारखाना इथे १९६० च्या दशकात आला, आणि १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने इथे ट्रॅक्टर बनू लागले. पहिलं मॉडेल २५११, पंचवीस अश्वशक्तीचं. घड्याळांमुळे घराघरांत पोहोचलेलं एचएमटी हे नाव उत्तरेकडच्या कित्येक शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमुळे माहीत आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखान्याच्या काही जागेवर आता सफरचंदाची मंडी उभी राहिली आहे. कारखाना बंद झाला तरी शेतात असलेले ट्रॅक्टर काही एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. त्यांना सुटे भाग लागतात, आणि बंद पडलेल्या मॉडेलचा भाग गावच्या दुकानात मिळाला नाही की माणूस फोनवर शोधतो.

आता सुट्या भागाचा फोटो आणि आंब्याचा फोटो ही दोन टोकं शेजारी ठेवा. एकाने भूक लागायला हवी, दुसऱ्याने शंका फिटायला हवी. पण पोटात दोन्हींचं काम एकच. उदाहरणासाठी बॉल बेअरिंग घेऊ. त्याच्या कडेवर ६२०५ असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. आता ६३०५ पाहा. भोक तेच २५ चं, पण बाहेरून ६२ आणि जाडी १७. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वेगवेगळे काढलेले या दोन बेअरिंगांचे फोटो दाखवले तर मुरलेला मेकॅनिकही थबकेल. चकचकीत, तिरक्या कोनातून, खाली छान सावली पाडून काढलेला फोटो इथे कुचकामी. समोरून सरळ काढलेला आणि कोरलेला आकडा स्वच्छ वाचता येणारा फोटो विक्री करतो. शेजारी एक पोलादी पट्टी ठेवली तर विचारायलाच नको.

मोजमाप हा छोट्या विक्रेत्यांच्या फोटोंतला सर्वांत मोठा घोटाळा आहे. कॅमेऱ्याला आकार कळत नाही. वाटीएवढी समई आणि गुडघ्याएवढी समई पडद्यावर सारखीच उंच दिसते. खाली ‘उंची १२ सेंमी’ लिहिलेलं असतं हे खरं. पण माणसं आधी चित्र पाहून मनात आकार ठरवतात आणि मग अक्षरं वाचतात, तीही वाचली तर. म्हणून फोटोतच ओळखीची वस्तू हवी. धातूकामाशेजारी दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो आणि ते सगळ्यांच्या हाताखालून गेलेलं असतं. खाण्याच्या पदार्थाजवळ नाणं ठेवू नये, किळस येते. तिथे चमचा, वाटी किंवा माणसाचा हात. हात सर्वांत उत्तम. दागिन्याला कान, पिशवीला खांदा, चपलेला पाऊल. वस्तू आपल्या अंगावर केवढी होईल, हे सांगायला दुसऱ्या कुणाच्या अंगाइतकं सोयीचं काही नाही.

मेळ्यातल्या त्या ताटल्यांकडे पुन्हा वळू, कारण तिथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती वेबसाइटवर क्वचित दिसते. आम्रपाली आणि मल्लिका या दोन्ही जाती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झाल्या. दोन्हींचे आईबाप तेच, दशहरी आणि नीलम. फक्त आईच्या जागी बाप आणि बापाच्या जागी आई. फळं मात्र निराळी. आम्रपाली आकाराने लहान, आतून गडद केशरी. मल्लिका चांगली दांडगी. शेजारीशेजारी ठेवली की फरक क्षणात कळतो, कारण ताटली तीच, टेबल तेच, उजेड तोच, चिठ्ठीही त्याच मापाची. बदलतं ते फक्त फळ. वेबसाइटवर नेमकं उलटं होतं. एक फोटो मागच्या दिवाळीत गॅलरीत काढलेला, दुसरा भाच्याने लाकडी टेबलावर वरून घेतलेला, तिसरा पुरवठादाराने पाठवलेला, चौथा कुठून आला हे कुणालाच आठवत नाही. असं पान उघडलं की डोळा पार्श्वभूमीच बघत बसतो.

तेव्हा प्रत्येक वस्तूचा पहिला फोटो एकाच शिस्तीत काढावा. एकच पार्श्वभूमी, एकच कोन, वस्तूने चौकटीचा साधारण सारखाच भाग व्यापलेला. ॲमेझॉनसारख्या मोठ्या बाजारपेठा मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी आणि ८५ टक्के चौकट भरलेली वस्तू अशी अट घालतात, ती याचसाठी. स्वतःच्या वेबसाइटवर पांढऱ्याची सक्ती नाही. फिकट करडा किंवा हातमागाचा कोरा कपडाही शोभून दिसतो. पण जे ठरवाल ते पन्नास वस्तूंना पुरलं पाहिजे. जमिनीवर चिकटपट्टीने दोन खुणा करा, एक टेबलाच्या पायाची आणि एक फोनच्या स्टँडची. पुढच्या महिन्यात नवा माल आला की टेबल आणि स्टँड त्याच खुणांवर. एवढ्याने निम्मं काम होतं.

उजेडाच्या बाबतीत पिंजौरचा मेळा नशीबवान आहे. जुलै म्हणजे शिवालिकच्या पायथ्याशी पावसाळी ढग. ढगाळ आकाश म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ताणलेला एकच मोठा दिवा, त्याच्या उजेडात सावल्या मऊ पडतात आणि फळाच्या सालीवर पांढरे चट्टे उमटत नाहीत. कोकणात हापूसचा हंगाम एप्रिल-मे, आकाश निरभ्र, ऊन डोक्यावर. दुपारी अंगणात काढलेल्या हापूसच्या फोटोत एक बाजू जळालेली आणि दुसरी काळी दिसते, मग फळ कितीही उत्तम असो. तिथे पडवीत किंवा उत्तरेकडच्या खिडकीशी जावं, जिथे ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर असतो. खिडकी वस्तूच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा, म्हणजे सावलीच्या बाजूला उजेड परतून येतो. खिडकीत ऊन येतच असेल तर पांढरं धोतर किंवा पातळ पडदा आडवा धरा. भाड्याने दिवे आणण्याआधी एवढं करून पाहावं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं: खिडकीचा उजेड वापरताना घरातली ट्यूबलाइट बंद. दिवसाचा उजेड निळसर, पिवळा बल्ब तांबूस, आणि काही स्वस्त एलईडींत हिरवी झाक असते. आपला मेंदू हे सगळं सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तसं जमत नाही. दोन प्रकारचे उजेड मिसळले की वस्तूची डावी बाजू एका रंगाची आणि उजवी दुसऱ्या रंगाची होते, आणि हा दोष नंतर कुठल्याही ॲपमध्ये नीट निघत नाही. रात्रीच काम करायची वेळ असेल तर सगळे दिवे एकाच प्रकारचे घ्या. खोक्यावर रंग-अचूकतेचा आकडा ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला असला तर बरं.

पांढऱ्या कापडावर ठेवलेली वस्तू फोनमध्ये मळकट का दिसते, हा नेहमीचा प्रश्न. कॅमेरा असं गृहीत धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. समोर सगळं पांढरं आलं की तो बिचारा उजेड जास्त झाला समजून कमी करतो, आणि पांढऱ्याचा करडा होतो. काळ्या कापडावर याच्या उलट. उपाय सोपा आहे: पडद्यावर वस्तूवर बोट ठेवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवायचं. दुसरी तक्रार म्हणजे बरणी पोटात फुगलेली किंवा चपलेचा पुढचा भाग राक्षसी दिसतो. फोनची मुख्य काच बऱ्यापैकी रुंद कोनाची असते आणि आपण अगदी जवळ जातो. दोन पावलं मागे सरका आणि फोनमध्ये दुपटीची वेगळी काच असेल तर ती वापरा. लोणच्याच्या बरणीत फोटो काढणाऱ्याचं स्वतःचं प्रतिबिंब दिसणं हा तर विनोदाचा विषय झाला आहे. बरणीचा काचेरी भाग आरशासारखा वागतो, म्हणून तिच्यासमोर काळा पुठ्ठा धरून त्याच्या भोकातून फोटो काढावा.

रंगाचा विषय थोडा लांबवतो, कारण कपडे, दागिने आणि चामड्याच्या वस्तूंत सगळ्यात जास्त भांडणं रंगावरून होतात. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंगांतला फरक त्यांना ओळखता येत नाही हे लक्षात आलं आणि रंगचित्रणाचा नाद सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे: बेळगावातला लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपायला फार वेळ लागला. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. हे पुढचं गाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक जन्माला आलं ते कारखान्याच्या मालाची ओळख करून देणारं पत्रक म्हणून, आणि ते काढणारा माणूस स्वतः चित्रकार होता. न पाहिलेली वस्तू घ्यायला माणसाला राजी करायचं तर आधी ती दाखवावी लागते, हे त्या घराला वेबसाइटच्या कितीतरी आधी कळलं होतं.

लक्ष्मणरावांसारखी नजर असलेले अनेक लोक तुमचं पान पाहत असतात, आणि अशा लोकांमध्ये पुरुषांची संख्या बरीच जास्त. चार रंगांच्या चौकोनी टिकल्या देऊन ‘रंग निवडा’ म्हटलं तर त्यांना दोन टिकल्या सारख्याच दिसू शकतात. टिकलीखाली रंगाचं नाव लिहा. तेही लोकांच्या ओळखीचं: डाळिंबी, राणी, मोरपंखी, आमसुली, अबोली. ‘शेड ४’ असं लिहिलं तर ते दुकानदारालाच कळतं.

पैठणीने तर भल्याभल्या कॅमेऱ्यांची परीक्षा पाहिली आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कापड हलवलं की रंग पालटतो. यालाच धूपछाव म्हणतात. एका फोटोत ती साडी जांभळी दिसते, दुसऱ्यात लालसर, आणि दोन्ही फोटो खरे असतात. गिऱ्हाईक मात्र एकच फोटो पाहून घेतं आणि ‘मला वेगळीच साडी पाठवली’ म्हणून फोन करतं. येवल्याची पैठणी विकणाऱ्याने दोन कोनांतले दोन फोटो आणि पदर हलवतानाची दहा-बारा सेकंदांची चित्रफीत द्यावी, आणि खाली एका ओळीत ताण्याबाण्याचे रंग सांगावेत.

त्याहून महत्त्वाचा फोटो उलट्या बाजूचा. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागून पाहिला तरी नक्षी जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंफून फिरवलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणती बाई दुकानात साडी पाहताना पहिल्यांदा पदर उलटवते, ते यासाठीच. मग अस्सल माल विकणाऱ्या वेबसाइटवर पदराची मागची बाजू नसावी याला काय म्हणायचं? मोर-बांगडीचे, असावलीचे दहा सुरेख फोटो असतात, आणि ज्या एका फोटोने हजारोंची किंमत पटली असती तोच गायब. कोल्हापुरी चपलेचंही तसंच. वरून वेणी, कान, गोंडा सगळे दाखवतात. तळ, टाचेची जाडी आणि शिवण कुणी दाखवत नाही. चपलेचे पैसे तळात असतात.

याच चपलेने २०२५ च्या जूनमध्ये जगाला एक जुनी गोष्ट नव्याने दाखवली. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि वर्णनात नुसतं चामड्याच्या सँडल म्हटलं. फोटो इकडे पोहोचताच कोल्हापूरपासून सगळीकडे लोकांनी त्या ओळखल्या. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. गदारोळानंतर कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. चित्र एका दिवसात जगभर जातं, पण गावाचं नाव त्याच्या पाठीवर बसून आपोआप जात नाही. ते फोटोखालच्या ओळीत लिहावं लागतं. कुठे बनली, कशाची, कुणाच्या हातची, कमावलेलं चामडं कोणतं. तुमच्या फोटोखाली नुसतंच ‘न्यू अरायव्हल’ असेल तर प्राडावर रागावायचा हक्क थोडा कमी होतो, असं आपलं माझं मत.

फोटोला काय दाखवता येत नाही, तेही ओळखून असावं. हापूस बाहेरून निर्दोष आणि कापल्यावर आत साका, हा अनुभव घराघरांतला. कोणताही फोटो साका दाखवत नाही. देवगडचं फळ आणि दुसऱ्या राज्यातून आलेलं हापूससारखं फळ यांतला फरकही फोटोत कळत नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणली. जिथे नजर अपुरी पडते तिथे असा पुरावा लागतो, आणि तो पुरावा जवळून दाखवणं हे फोटोचं काम. म्हणून स्टिकरचा, मानांकनाच्या चिन्हाचा, अन्न परवाना क्रमांक असलेल्या लेबलचा स्पष्ट फोटो द्या. साका निघाला तर काय करणार, हे शब्दांत लिहा.

वातावरणनिर्मितीचे फोटो, म्हणजे केळीच्या पानावर मांडलेला आंबा, शेजारी आजीची पितळी वाटी, मागे झोपाळा, हेही हवेत. पण एखाद-दुसरा, आणि तो पहिला नसावा. अशा फोटोंत मालापेक्षा मांडणी जड होते. शेजारी ठेवलेली वस्तू विकायची नसेल तर गिऱ्हाईक हमखास तीच मागतं. वाटी केवढ्याला, असा निरोप आला की समजावं फोटो फसला. वस्तू वापरात असलेला फोटो त्यापेक्षा कामाचा: लोणचं पोळीशेजारी ताटात, पिशवी बाजारात भाजीने भरलेली, चप्पल चालत्या पायात.

फोटो काढून झाले की हात शिवशिवतो तो रंग गडद करायला. आंबा थोडा केशरी, पदर थोडा चमकदार. इथे आपला कायदा बोलतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात मालाच्या खऱ्या गुणवैशिष्ट्यांशी जुळती असली पाहिजे, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उजेड कमी पडला म्हणून फोटो उजळणं, तिरकी क्षितिजरेषा सरळ करणं, पार्श्वभूमीवरचा धुळीचा कण काढणं यात काही गैर नाही. फळावरचा डाग पुसणं मात्र गैर. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगून वस्तूमागे राजवाडा उभा करता येतो. पार्श्वभूमीपुरतं ते एक वेळ चालून जाईल, पण ही साधनं वस्तूलाही हळूच हात लावतात: जरीची बुट्टी बदलते, लेबलवरची अक्षरं वितळतात, चपलेच्या वेणीला एक पेड जास्त येतो. त्यांनी केलेला फोटो मूळ वस्तू समोर ठेवून तपासल्याशिवाय चढवू नये. डाग असलेल्या, हाताने घडवलेल्या, एकसारख्या नसलेल्या मालाचं म्हणाल तर त्या कमीजास्तपणाचाच एक फोटो द्यावा. मातीच्या भांड्यावरची भट्टीची काजळी आधी दाखवली की ती गिऱ्हाइकाला भांड्याची खूण वाटते. घरी आल्यावर दिसली की दोष.

आता थोडं वजनाचं. आजच्या फोनचा एक फोटो सहज चार एमबीचा आणि चार हजार ठिपके रुंद असतो. एका पानावर असे पंचवीस टाकले की शंभर एमबी झाले. काल्क्याच्या चढावर बसमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनवर ते पान उघडेपर्यंत बस पुढच्या थांब्याला पोहोचते, आणि तो केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. पाहणाऱ्याला बोटांनी मोठं करून पाहायचं असलं तरी १,६०० ठिपक्यांची रुंदी पुरते, आणि वेबपी या स्वरूपात असा फोटो बहुतेक वेळा दोन-अडीचशे केबीत बसतो. आकार लहान करणारी साधनं फुकट मिळतात. मूळ मोठे फोटो मात्र जपून ठेवा. छापील पत्रक करायची वेळ आली की तेच लागतात.

वेबसाइटवर फोटो चढवताना ‘पर्यायी मजकूर’ अशी एक रिकामी चौकट दिसते आणि जवळपास सगळे ती रिकामीच सोडतात. डोळ्यांनी न पाहणारी व्यक्ती फोन वापरते तेव्हा फोन हीच ओळ वाचून दाखवतो. शोधयंत्रालाही फोटोत काय आहे ते बरंचसं इथूनच कळतं. ‘कैरीचं लोणचं, अर्धा किलोची काचेची बरणी, वर तेलाचा थर’ एवढं लिहिलं की पुरे.

घरून व्यवसाय करणाऱ्यांसाठी, विशेषतः बायकांसाठी, एक सावधगिरीची गोष्ट. फोनमधला फोटो आपल्यासोबत तो कुठे काढला याची नोंद बाळगून असतो, अक्षांश-रेखांशासकट. काही वेबसाइटी ती नोंद पुसतात, काही पुसत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थळाची नोंद बंद केली की स्वयंपाकघराचा पत्ता जगजाहीर होत नाही.

दुसऱ्याचा फोटो उचलण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, पण लोक उचलतात म्हणून लिहावं लागतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. इंटरनेटवर सापडला म्हणजे तो कुणाचाच नाही, असं होत नाही. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, मालकी काम सांगणाऱ्याची. फुकटात मित्राने काढून दिले तर मालकी मित्राची, आणि मैत्री आटली की हा मुद्दा वर येतो. एका ओळीचं लेखी घेऊन ठेवा. कायद्याहून साधं कारणही आहे. पुरवठादाराने दिलेला फोटो आणखी चाळीस दुकानांनी लावलेला असतो, आणि तोच फोटो चाळीस ठिकाणी दिसला की माणूस फक्त किंमत पाहतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही: जुने फोटो काढून टाकणं. बरणी ५०० ग्रॅमची ४०० ची होते, लेबल बदलतं, छापील किंमत बदलते, झाकण लाल होतं; वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीची बरणी हसत उभी असते. पाकीटबंद मालाचं निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत ऑनलाइन दाखवणं वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे, आणि लिहिलेलं वजन एक, फोटोतल्या लेबलवरचं दुसरं, अशी विसंगती तक्रारीला आयतं कारण देते. फोटोच्या फाइलच्या नावातच वस्तू, वजन आणि महिना-वर्ष लिहिलं की कोणता फोटो कधीचा हे शोधावं लागत नाही. वेबसाइटवरचा बदलला की व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमधला, गूगल नकाशावरच्या दुकानाच्या पानावरचा आणि गेल्या वर्षी मेळ्यासाठी छापलेल्या पत्रकातलाही त्याच दिवशी बदलावा. गिऱ्हाईक यांतलं कोणतं पाहून फोन करेल ते सांगता येत नाही.